इंदूरचे खत आणि सर अल्बर्ट हॉवर्ड

देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपल्या इंदूरचे नाव गेली काही वर्षे सतत घेतले जाते. पोहे-जिलबी आणि सराफ्यातली रात्र यांमुळे ते त्याआधीही गाजलेले होतेच. पण शेतीच्या पुस्तकांत इंदूरचे नाव नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी एका वेगळ्याच कारणाने जगभर गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. केनियातला कॉफीमळेवाला, डुआर्समधला चहामळ्याचा साहेब, इंग्लंडातला बागाईतदार, ही मंडळी इंदूरचे नाव घेत ती खतासाठी. काडीकचरा आणि शेण यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याच्या रीतीला जगाने ‘इंदूर पद्धत’ असे नाव दिले. ही रीत बसवणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड, आणि ती जिथे बसवली गेली ती जागा म्हणजे आपले आजचे कृषी महाविद्यालय.

मी राज्याच्या कृषी खात्यात नोकरीला आहे. शिक्षण पदविकेपुरते. शाश्वत विकास हा शब्द आमच्या परिपत्रकांत आता जवळजवळ रोज येतो. विज्ञानात नीती असावी, असेही कार्यशाळांमधून सांगितले जाते. पण नीती म्हणजे नेमके काय करायचे, हे परिपत्रकातून कळत नाही; ते एखाद्या माणसाच्या आयुष्यातून कळते. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हॉवर्डसाहेबांचे चरित्र निवडले.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कासल या गावी झाला. घरी शेती होती. लहानपणी गुरेढोरे, कुरणे आणि नांगरट यांतच ते वाढले. पुढे लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि मग केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज इथे शिकून त्यांनी निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळवला. त्यांच्याकडे शेतीची पदविकाही होती, हे वाचून माझ्यासारख्या पदविकाधारकाला थोडे बरे वाटते!

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवर नोकरीसाठी गेले. काम होते उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची, तिचे वर्णन लिहायचे, अहवाल छापायचा आणि मळेवाल्यांना उपाय सुचवायचा. काम चोख चालले होते, पण तिथेच त्यांच्या मनात एक टोचणी सुरू झाली. आपण ज्यांना सल्ला देतो ते स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने ऊस पिकवतात. आपल्याकडे मात्र एक गुंठाही जमीन नाही. सल्ला चुकला तर नुकसान त्यांचे, आपला पगार सुरूच. जे औषध आपण कधी घेतले नाही ते दुसऱ्याला देण्याचा आपल्याला काय अधिकार?

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची सगळी वैज्ञानिक नीती या एका प्रश्नातून निघाली.

१९०३ मध्ये ते इंग्लंडात परतले आणि केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात लागले. तिथे हॉप्स नावाच्या वेलाचे पीक होते. त्याची फुले बिअरमध्ये घालतात. बागाईतदार नरवेल उपटून टाकत आणि फक्त मादीवेल ठेवत. हॉवर्ड यांनी परागीभवन होऊ देऊन पाहिले. फुलांची वाढ लवकर झाली आणि मावा व भुरी यांचा त्रास कमी झाला. रोगाच्या मागे औषध घेऊन धावण्यापेक्षा रोप मुळात निरोगी कसे राहील ते पाहावे, हा धडा त्यांना इथे मिळाला.

पुसा येथील गुरुजन

१९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारने त्यांना आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथे नेमले. तिथे नुकतीच शेती संशोधनाची मोठी संस्था उभी राहत होती. (१९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला गेली. दिल्लीतली ‘पुसा’ संस्था ती हीच.) त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएलबाई केंब्रिजमधील न्यूनहॅम कॉलेजच्या फेलो होत्या आणि वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले होते. पुसाला त्या सहकारी म्हणून कामाला लागल्या आणि १९१३ मध्ये त्यांना दुसऱ्या आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद मिळाले. सरकारी संशोधनात त्या काळी स्त्रीला असे पद मिळणे ही मोठी गोष्ट होती. दोघांचे लेख, अहवाल आणि पुस्तके दोघांच्या नावावर निघत.

पुसाला हॉवर्ड यांनी सर्वांत आधी मागितले ते स्वतःच्या ताब्यातले शेत. सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. आता जे सांगायचे ते आधी आपल्या शेतावर करून पाहता येणार होते. पण शेती करायची कशी? आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे त्यांनी पाहिले, तर त्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी होती. ना कीटकनाशक, ना बुरशीनाशक, ना पोत्यातले खत. मिश्र पीक, फेरपालट, डाळवर्गीय पिकांचा आधार आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नजर, एवढ्या भांडवलावर हे चालले होते. केंब्रिजच्या पदवीधराने बिहारच्या शेतकऱ्याला गुरू मानले. त्याच्या जोडीला आणखी एक गुरू केला, तो म्हणजे कीड. कीड जिथे पडते तिथे पीक, वाण किंवा जमीन यांपैकी कशात तरी खोट आहे. कीड मारून टाकली की खोट दाखवणाराच नाहीसा होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सगळे त्यांनी उघडपणे लिहिले. राज्यकर्त्यांच्या जातीचा अधिकारी रयतेकडून शिकलो असे छापून सांगतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. ज्ञान ज्याचे त्याच्या नावावर लिहावे, ही विज्ञानातली प्राथमिक नीती आहे. पण ‘ज्याचे’ या शब्दात अडाणी समजला जाणारा शेतकरीही येतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येत असे.

गव्हाचे नवे वाण तयार करण्यात या दांपत्याने मोठे नाव कमावले. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे त्यांचे गहू दूरवर पेरले गेले. पण वाण सुधारून भागत नाही, जमीन सुधारली नाही तर चांगल्या वाणाचेही काही चालत नाही, हे त्यांना दिसत होते. झाडाचा वरचा भाग सगळेच पाहतात. त्यांनी मुळे खणून पाहिली. जवसाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवसाची मुळे उथळ, तर आपल्याकडच्या काळ्या जमिनीतील जवसाची मुळे खोल. जमिनीने आपल्याला हवे तसे पीक शेकडो वर्षांत घडवले होते. एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे डोळे झाकून लावू नये, हे यातून निघते.

पुसाच्या बैलांची हकीकत त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. आपल्या शेतात पिकलेल्या चाऱ्यावर पोसलेले बैल शेजारच्या लाळ्या-खुरकुताने आजारी जनावरांच्या जवळ जात, कुंपणावरून तोंडाला तोंड लावत, तरी त्यांना तो रोग झाला नाही. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की सुपीक जमीन, निरोगी पीक, निरोगी जनावर आणि निरोगी माणूस ही एकच साखळी आहे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. हा निष्कर्ष त्यांनी निरीक्षणावरून काढला होता, काटेकोर तुलनात्मक प्रयोगावरून नव्हे. लाळ्या-खुरकूत विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस हाच भरवशाचा उपाय आहे, हे आज सर्वांना माहीत आहे. आपल्या मताच्या भरात हॉवर्ड काही वेळा पुराव्याच्या पुढे गेले, आणि त्यांच्यावर त्याबद्दल टीकाही झाली. ज्याला आपण आदर्श मानतो त्याची ही बाजू झाकून ठेवली तर आपणच नीतीला सोडल्यासारखे होईल.

इंदूरला आगमन

पुसाच्या संस्थेत वनस्पती एका विभागाकडे, बुरशी दुसऱ्याकडे, किडे तिसऱ्याकडे, माती चौथ्याकडे अशी वाटणी होती. शेतकऱ्याचे शेत मात्र एकसंध असते. तिथे माती, पाणी, बैल, पीक, मजूर आणि बाजार यांचा विचार एकाच वेळी करावा लागतो. या वाटणीत आपले काम पुढे जाणार नाही हे ओळखून हॉवर्ड पतिपत्नींनी वेगळ्या संस्थेची कल्पना मांडली, आणि त्यासाठी जागा मिळाली ती आपल्या इंदुरात.

होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन नाममात्र भाड्याने ९९ वर्षांच्या करारावर दिली. खर्चाचा मोठा भाग मध्यवर्ती कापूस समितीने उचलला आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी वर्गणी दिली. समितीचा पैसा कापसावरील उपकरातून येत असे. म्हणजे शेवटी तो कापूस पिकवणाऱ्याच्या घामाचाच पैसा. १९२४ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. इंदुरात कापडगिरण्यांची भरभराट होती, माळव्याच्या काळ्या जमिनीत कपाशी होती आणि गिरणीला चांगला कापूस हवा होता.

हॉवर्डसाहेबांनी कपाशीच्या आधी जमिनीकडे पाहिले. माळव्यातली काळी माती आपल्याला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात हातभर भेगा आणि पावसाळ्यात चिखल. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि जमिनीतले नत्रही वाया जाते. म्हणून त्यांनी आधी बांधबंदिस्ती आणि पाण्याचा निचरा हाती घेतला. मग दुसरा प्रश्न आला. या जमिनीला सेंद्रिय खत हवे, पण ते आणायचे कुठून? शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात. गरीब शेतकऱ्याला दुसरे जळण नाही, तेव्हा शेण जाळू नका असा उपदेश करून काय उपयोग? आणि कारखान्यातले खत विकत घेण्याइतका पैसाही त्याच्याजवळ नाही.

म्हणून उपाय असा हवा होता की जो शेतकऱ्याच्या घरी आहे त्याच वस्तूंतून निघेल. थोडेसे शेण पुरवून पुरवून वापरता येईल आणि पैसा लागणार नाही. चीनमधले शेतकरी शेकडो वर्षे काडीकचरा कुजवून जमिनीला परत देत आले आहेत, हे हॉवर्ड यांनी अमेरिकेचे एफ. एच. किंग यांच्या पुस्तकात वाचले होते. त्या जुन्या रीतीला शास्त्राची जोड देण्याचे काम इंदुरात झाले.

खत कसे होत असे

संस्थेत ३३ खड्डे होते. प्रत्येक खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. खोली मुद्दाम कमी, कारण त्याखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय कचरा सडतो, त्याचे खत होत नाही. तण, पाला, उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, जे मिळेल ते गोळा करून वाळवून ठेवत. पऱ्हाट्या टणक, त्या लवकर कुजत नाहीत. मग त्या रस्त्यावर पसरायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली फुकटात चुरा होई!

हा पाला आधी गोठ्यात बैलांखाली अंथरत. गोठ्याची जमीन मातीची. तीत मुरलेले मूत्र वाया जाऊ न देता ती माती खणून घेत आणि तिथे नवी भरत. मग खड्ड्यात पाल्याचा थर, त्यावर शेण, त्यावर मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, वरून पाण्याचा शिडकावा, असे थरावर थर. राखेमुळे आंबटपणा मारला जातो. आधी बुरशी कामाला लागते, ढीग चांगला तापतो. मग जिवाणू काम हाती घेतात. सुमारे दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि मग दोन महिन्यांनी, असे तीन वेळा खत पालटायचे. ९० दिवसांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचत. ४० बैलांच्या आधारावर वर्षाला सुमारे एक हजार गाड्या खत निघत असे.

यातले शास्त्र कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणात आहे. सुरुवातीला नत्राच्या सुमारे ३३ पट कर्ब असावा, म्हणजे कुजणे नीट चालते आणि नत्र उडून जात नाही. हे प्रमाण ठरवण्याचे रसायनशास्त्राचे काम यशवंत डी. वाड यांनी सांभाळले. १९३१ मध्ये या पद्धतीवरचे पुस्तक ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यावर दोन नावे होती: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. आपल्याला हे नाव परके वाटणार नाही. त्या काळात साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्या हिंदी सहायकाचे नाव प्रस्तावनेच्या शेवटी आभारात आले तरी पुष्कळ समजत. हॉवर्ड यांनी ते मुखपृष्ठावर घातले.

मजुरांच्या बाबतीतही त्यांची रीत वेगळी होती. दिवसाचे काम सहा तासांचे, पगार ठरल्या वेळी हातात, राहायला नीट जागा आणि आजारपणात औषधोपचार. त्यांचा हिशेब असा की थकलेला आणि कर्जात बुडालेला मजूर चांगली शेती करू शकत नाही. मातीची काळजी घेणाऱ्या संस्थेने माणसांची हेळसांड करणे त्यांना विसंगत वाटत होते.

या पद्धतीचे पेटंट हॉवर्ड यांनी घेतले नाही. कोणत्याही बंद डब्यातली बुरशी किंवा विकत घ्यावयाची पावडर तिच्यात नव्हती. जो येईल त्याने पाहावे, विचारावे आणि आपल्या गावी जाऊन करावे. नाव द्यायची वेळ आली तेव्हा स्वतःचे न देता त्यांनी गावाचे दिले. म्हणूनच आज जगात ती ‘हॉवर्ड पद्धत’ नसून ‘इंदूर पद्धत’ आहे.

इंदूरनंतर

१९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. पंचवीस वर्षांचे सहजीवन आणि सहकार्य संपले. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्यानंतर त्यांनी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

साहेब गेले तरी इंदुरात काम थांबले नाही. १९३४ मध्ये एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला कचरा आणि मैला यांची विल्हेवाट याच पद्धतीने लावण्याविषयी पत्रिका काढली. म्हणजे शहराच्या कचऱ्याकडे संपत्ती म्हणून पाहण्याचा विचार या शहरात नव्वद वर्षांपूर्वीच शास्त्रीय पायावर मांडला गेला होता. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन ही खतनिर्मिती पाहिली आणि पुढे ‘हरिजन’मधून तिची माहिती दिली.

इंग्लंडात मात्र हॉवर्ड यांचे स्वागत सगळीकडे झाले नाही. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी हवेतला नत्र पकडणारे कारखाने उभे राहिले होते. युद्ध संपल्यावर त्यांच्या मालाला गिऱ्हाईक हवे होते, आणि ते शेतीत मिळाले. नत्र, स्फुरद आणि पालाश मोजून घाला की झाले, हा विचार रूढ होत होता. अशा वेळी हा निवृत्त अधिकारी उभा राहून सांगू लागला की जमीन जिवंत आहे, तिचे पोट फक्त तीन क्षारांनी भरत नाही. केंब्रिजच्या कृषी विभागातील मंडळींना त्यांचे व्याख्यान मुळीच रुचले नाही. मळेवाले आणि शेतकरी यांनी मात्र त्यांचे ऐकले, कारण त्यांना स्वतःच्या शेतात फरक दिसत होता.

१९४० मध्ये त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ निघाला. तो त्यांनी दिवंगत गॅब्रिएल यांना अर्पण केला आहे. त्यातले मुख्य सूत्र अगदी साधे आहे. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत द्यावे. सुपीकता हे भांडवल आहे. ते खाऊन जी समृद्धी दिसते ती खरी नाही. ती पुढच्या पिढीच्या ताटातून काढून घेतलेली आहे, आणि ज्यांचे घेतले ते अजून जन्मलेले नसल्यामुळे तक्रार करू शकत नाहीत. आज शाश्वत विकासाची जी व्याख्या सांगितली जाते तिचा गाभा यात आलेला आहे.

त्यांच्या लेखनाने प्रभावित होऊन अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले. इंग्लंडात ईव्ह बालफोर यांनी ‘द लिव्हिंग सॉइल’ हे पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये सॉइल असोसिएशनची स्थापना झाली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. लुईसबाईंनी पुढे त्यांच्या भारतातील कामावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

आज हे कशासाठी वाचायचे?

रासायनिक खत म्हणजे विष, अशी टोकाची भूमिका मी घेणार नाही. १९६० च्या दशकात देश धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता. नवे गहू आणि खते यांनी ती लाचारी संपवली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण औषध आणि अन्न यांत फरक आहे. खत हे पूरक म्हणून आले आणि हळूहळू तेच मुख्य होऊन बसले. आपल्या माळव्यात सोयाबीन-गहू, सोयाबीन-गहू असे वर्षानुवर्षे चालले आहे. बैल गेले, गोठे रिकामे झाले, काडीकचरा शेतातच पेटवला जातो. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा आकडा कमी दिसला की शेतकरी विचारतो, आता काय टाकू? त्याला वाटते यावरही एखादी पिशवी मिळत असेल. सेंद्रिय कर्ब दुकानात मिळत नाही. तो घरच्याच वस्तूंतून, वेळ देऊन, परत भरावा लागतो.

सल्ला देणाऱ्यांसाठीही हॉवर्ड यांचा प्रश्न तसाच शिल्लक आहे. शिफारस छापणारा शास्त्रज्ञ, ती पोचवणारा आमच्यासारखा कर्मचारी आणि माल विकणारा दुकानदार, या तिघांपैकी कोणाचेही पीक शिफारस चुकल्याने जात नाही. ते शेतकऱ्याचे जाते. म्हणून जे सांगायचे ते आधी एखाद्या वाफ्यात तरी स्वतः करून पाहावे, कोणाकडून शिकलो ते सांगावे, आणि आपल्याला पगार किंवा नफा कुठून मिळतो हे सांगताना विसरू नये. माझ्या समजुतीप्रमाणे विज्ञानातल्या नीतीचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे. त्याला मोठी पदवी लागत नाही.

कृषी महाविद्यालयासमोरून आपण रोज जातो. गाडीतून जाताना एकदा तरी त्या जमिनीकडे या आठवणीने पाहावे. देवगुराडियाला आज शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत तयार होते. त्या मोठ्या प्रकल्पाची जुनी मुळे इथल्या २ फूट खोल खड्ड्यांत आहेत, असे म्हटले तर चूक होणार नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. उत्सवाच्या दिवसांत आपल्याकडे दूर्वा, पत्री, फुले, हार आणि केळीचे खांब यांचे भरपूर निर्माल्य जमते. त्यातले दोरे, जरी, प्लास्टिक काढून टाकावे. आवारातला वाळलेला पाला निर्माल्याच्या तिप्पट घ्यावा. थर रचावेत, मध्ये थोडे शेण, बागेतली माती आणि चिमूटभर राख घालावी, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवावा. दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग पालटावा. मार्गशीर्षाच्या सुमारास खत हाती येईल. ते सभासदांच्या कुंड्यांत आणि मंडळाच्या झाडांना घालता येईल. मातीची मूर्ती मातीत मिसळते, तिच्यावर वाहिलेली फुलेही मातीत परत जावीत. पालटायच्या कामाला माझे नाव लिहून ठेवावे.

गणपती बाप्पा मोरया!